गुप्तचर यंत्रणांना कायद्याचे अधिष्ठान केव्हा?

कारगिल असो की मुंबईवरील हल्ला, प्रत्येक आघातानंतर देशात एखादी नवी यंत्रणा उभी राहिली. परंतु गुप्तचर यंत्रणांचे अधिकार, मर्यादा आणि उत्तरदायित्व निश्चित करणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. त्याची किंमत सामान्य नागरिकाप्रमाणेच या यंत्रणांतील प्रामाणिक अधिकाऱ्यांनाही मोजावी लागते.

मार्च १९९१ मध्ये राजीव गांधी यांच्या १०, जनपथ या निवासस्थानाबाहेर हरयाणा पोलिसांच्या गुप्तचर शाखेचे दोन शिपाई पाळत ठेवताना आढळले आणि काही दिवसांतच चंद्रशेखर सरकार गडगडले. पाठिंबा काढून घेण्यासाठी काँग्रेसला निमित्त हवेच होते, असा एक मतप्रवाह तेव्हाही होता व आजही आहे. पण निमित्त म्हणून पाळतीचा प्रश्न पुरेसा ठरला, ही बाब बोलकी आहे. त्याआधी ऑगस्ट १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना फोन टॅपिंगच्या आरोपावरून पद सोडावे लागले होते. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाच्या, म्हणजे सी.बी.आय.च्या, सक्तीच्या रजेवर पाठविलेल्या संचालकांच्या घराबाहेर सुरक्षारक्षकांनी चौघांना पकडले, तेव्हा ते इंटेलिजन्स ब्युरोचे कर्मचारी निघाले. ते नेहमीच्याच कामगिरीवर होते, असा खुलासा करण्यात आला आणि प्रकरण तेथेच थांबले.

तिन्ही प्रसंगी सत्ताधारी वेगळे होते, काळ वेगळा होता. प्रश्न मात्र एकच होता. नजर ठेवण्याचा आदेश कोणी दिला, कोणत्या कायद्यान्वये दिला आणि त्याचा जाब विचारण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नावरून सरकारे पडली, मुख्यमंत्री गेले, संसदेचे कामकाज कित्येक दिवस बंद पडले. एवढे होऊनही या प्रश्नाचे उत्तर देणारा कायदा करण्याची निकड कोणत्याही सत्तारूढ पक्षाला वाटली नाही, हे भारतीय लोकशाहीतील एक चमत्कारिक वास्तव आहे.

नोंद यादीत, कायद्यात नाही

इंटेलिजन्स ब्युरो अर्थात आय.बी. आपला प्रारंभ १८८७ पासून मोजते. ब्रिटिश सत्तेने आपल्या सोयीसाठी उभारलेली ही यंत्रणा स्वतंत्र भारताने जशीच्या तशी स्वीकारली. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्रीय सूचीत आठव्या क्रमांकावर केंद्रीय गुप्तवार्ता व अन्वेषण विभागाचा उल्लेख आहे. याचा अर्थ एवढाच की, या विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. तो अधिकार वापरून आय.बी.ची रचना ठरविणारा कायदा मात्र संसदेने केलेला नाही.

चीन व पाकिस्तानबरोबरच्या युद्धांनंतर परदेशातील गुप्तवार्तेसाठी स्वतंत्र संघटना हवी, हा विचार बळावला. सप्टेंबर १९६८ मध्ये आय.बी.चे विभाजन होऊन रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग अर्थात 'रॉ' अस्तित्वात आली. त्या वेळी गृहमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. नवी संघटना मात्र गृहमंत्रालयाच्या कक्षेबाहेर, मंत्रिमंडळ सचिवालयात आणि पर्यायाने थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत गेली. हा बदलही प्रशासकीय आदेशानेच झाला. कारगिलनंतर २००४ मध्ये राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना म्हणजे एन.टी.आर.ओ. उभी राहिली, तीही याच मार्गाने.

मग भारतीय कायद्याला या यंत्रणांची ओळखच नाही काय? तसेही नाही. ज्या कायद्यांत त्यांची दखल घेतली गेली, त्यांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. १९८४ च्या ५० व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३३ मध्ये गुप्तचर संघटनांतील कर्मचाऱ्यांचा समावेश झाला आणि १९८५ मध्ये या कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्याच्या व वृत्तपत्रांशी बोलण्याच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा संमत झाला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कलम २४ अन्वये या संघटनांना कायद्याच्या कक्षेतून वगळले; अपवाद केला तो केवळ भ्रष्टाचार व मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांचा. थोडक्यात, कर्मचाऱ्यांचे हक्क मर्यादित करण्यासाठी आणि नागरिकांना माहिती नाकारण्यासाठी या यंत्रणा कायद्यात आल्या. त्यांनी काय करावे, काय करू नये आणि कोणाला उत्तर द्यावे, हे सांगण्यासाठी त्या कायद्यात कधीच आल्या नाहीत.

ही उणीव केवळ तात्त्विक नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने १९६३ च्या गृहमंत्रालयाच्या ठरावाने झालेली सी.बी.आय.ची स्थापनाच अवैध ठरविली, तेव्हा केंद्र सरकारची त्रेधा उडाली. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि त्या स्थगितीच्या आधारावर कारभार पुढे चालू राहिला. सी.बी.आय.ला निदान १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याचा टेकू होता. आय.बी. किंवा 'रॉ'वर तशी वेळ आली, तर सरकारला कोणत्या कायद्याकडे बोट दाखविता येईल?

वरातीमागून घोडे

गुप्तचर यंत्रणांच्या सुधारणांचा भारतीय इतिहास हा आघातांचा इतिहास आहे. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आढावा समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला. गुप्तवार्ता गोळा करणाऱ्या संस्था आणि ती वापरणाऱ्या संस्था यांच्यात समन्वयाची निश्चित व्यवस्था नाही, यंत्रणांना कामे नेमून देण्याची व त्यांच्या कामाचे मूल्यमापन करण्याची पद्धत नाही, असा या समितीचा रोख होता. असा अहवाल जनतेसमोर येणे, हेच त्या काळात अपूर्व होते. तथापि, सुरक्षेच्या कारणास्तव त्यातील बराच मजकूर गाळण्यात आला.

त्यानंतर लालकृष्ण अडवाणी यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिगटाने चार कृतिदले नेमली. गुप्तवार्तेचा विषय 'रॉ'चे माजी प्रमुख गिरीशचंद्र सक्सेना यांच्याकडे, तर सीमा व्यवस्थापनाचा विषय माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्याकडे होता. मंत्रिगटाने फेब्रुवारी २००१ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून संरक्षण गुप्तवार्ता संस्था, बहुसंस्था केंद्र, एन.टी.आर.ओ. अशा नव्या व्यवस्था आकाराला आल्या. मंत्रिगटाच्या अहवालातील गुप्तवार्तेविषयीचे प्रकरण मात्र जाहीर आवृत्तीत नव्हते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर हेच चक्र पुन्हा फिरले. राष्ट्रीय तपास संस्थेचा, म्हणजे एन.आय.ए.चा, कायदा काही आठवड्यांत संमत झाला. बहुसंस्था केंद्र बळकट करण्यात आले. विविध खात्यांकडील माहिती एकत्र जोडणाऱ्या 'नॅटग्रिड'ची घोषणा झाली. ते प्रत्यक्षात येण्यास मात्र दशकाहून अधिक काळ लागला. महाराष्ट्र सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि 'रॉ'मधील माजी अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. केंद्राकडून आलेल्या इशाऱ्यांचे राज्याच्या गृहखात्यात व पोलीस दलात पुढे काय होते, यातील ढिलाई या समितीने दाखवून दिली. परंतु राज्याने नेमलेल्या समितीला केंद्रीय यंत्रणांची झाडाझडती घेण्याचा अधिकार नव्हता आणि केंद्राने त्यासाठी कारगिलसारखी स्वतंत्र समिती नेमली नाही. परिणामी, १६६ बळी घेणाऱ्या हल्ल्याबाबत मुंबईच्या पोलीस ठाण्यांचे काय चुकले ते कागदावर आले; दिल्लीतील यंत्रणांचे काय चुकले, ते आले नाही.

२०१२ मधील राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा प्रसंगही या संदर्भात आठवावा असा आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१२ मध्ये एका आदेशाद्वारे हे केंद्र आय.बी.अंतर्गत स्थापन करण्याचे ठरविले आणि त्याला अटक व झडतीचे अधिकार देऊ केले. गुप्तवार्ता गोळा करणारी संस्थाच अटकही करणार, आणि तेही संसदेत चर्चा न होता! बिगरकाँग्रेसी मुख्यमंत्र्यांनी कडाडून विरोध केला. विरोध करणाऱ्यांत गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदीही होते. पुढे गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांच्या काळात सुधारित प्रस्ताव आला, पण तोही मुख्यमंत्र्यांच्या गळी उतरला नाही. विधेयक आणून, स्थायी समितीकडे पाठवून, राज्यांशी सल्लामसलत करून हेच केंद्र उभारता आले असते काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. प्रशासकीय आदेशाचा सोपा वाटणारा मार्ग त्या वेळी सरकारलाच आडवा आला.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेल येथील मिळून सहा जण महाराष्ट्रातील होते. या गुन्ह्याचा तपास एन.आय.ए.कडे गेला. परंतु गुन्ह्याचा तपास निराळा आणि गुप्तवार्तेतील त्रुटींचा शोध निराळा. पहिल्यात आरोपी कोण, हे ठरते. दुसऱ्यात इशारा होता काय, तो कोणाकडे होता आणि तो कोठे अडला, हे ठरायला हवे. हे दुसरे काम करणारी कायमस्वरूपी संस्था देशात नाही. सरकारची इच्छा झाली तर समिती, अन्यथा मौन, अशी ही रीत आहे.

सह्यांचा डोंगर

व्यवस्थापनाचा हा प्रश्न जितका गंभीर, तितकाच देखरेखीचा. डिसेंबर १९९६ मध्ये 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगबाबत ऐतिहासिक निकाल दिला. गृहसचिवांचा लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत, एकूण सहा महिन्यांची मर्यादा आणि मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील आढावा समिती, अशी चौकट त्या निकालाने आखली. पुढे २००७ मध्ये तार नियमांत दुरुस्ती होऊन तिला नियमांचे रूप मिळाले.

कागदावर ही व्यवस्था नेटकी दिसते. प्रत्यक्षातील चित्र माहिती अधिकारातून उघड झाले. केंद्र सरकारकडून महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० टॅपिंग आदेश निघत असल्याचे त्यातून समोर आले. सुट्या न धरताही हा हिशेब दिवसाला २५० ते ३०० आदेशांवर जातो. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील विदा संरक्षणविषयक समितीने २०१८ च्या अहवालात याच माहितीचा दाखला देऊन म्हटले की, दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. मुंबई दंगलीच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या या न्यायमूर्तींनी गुप्तचर यंत्रणांच्या कामकाजासाठी संसदेने स्वतंत्र कायदा करण्याची गरजही स्पष्ट शब्दांत मांडली.

ज्यांनी मंत्रालयात वा दिल्लीतील भवनांत फायलींवर आयुष्य काढले आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. इतर सर्व जबाबदाऱ्या सांभाळून एक गृहसचिव दिवसाला तीनशे प्रकरणांत विवेकबुद्धी वापरू शकत नाही. तो फक्त सही करू शकतो. जे आदेश देतात ते कार्यपालिकेचे, जे अंमल करतात ते कार्यपालिकेचे आणि जे आढावा घेतात तेही कार्यपालिकेचेच सचिव. बाहेरचा एकही डोळा या प्रक्रियेत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार, आवश्यकता आणि प्रमाणबद्धता या कसोट्या पार कराव्या लागतील, असे ठरले. त्यानंतर देखरेखीची चौकट बदलण्याची संधी २०२३ मध्ये नव्या दूरसंचार कायद्याच्या निमित्ताने चालून आली होती. परंतु दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झालेल्या त्या हिवाळी अधिवेशनात हे विधेयक फारशा चर्चेविना संमत झाले. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी गृहसचिवांची सही आणि सचिवांची आढावा समिती ही जुनीच मांडणी कायम ठेवली. त्याच वर्षी, २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही सरकारी संस्थांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याची मुभा केंद्राला दिली.

चूक झाली तर जबाबदार कोण?

कायद्याचा अभाव माणसाला किती महाग पडतो, याचे उदाहरण म्हणजे 'इस्रो'चे शास्त्रज्ञ नंबी नारायणन. १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून केरळ पोलिसांनी त्यांना अटक केली. आय.बी.च्या अधिकाऱ्यांनीही त्यांची चौकशी केली. वास्तविक आय.बी.ला ना अटकेचा अधिकार, ना गुन्हा नोंदविण्याचा. सी.बी.आय.ने १९९६ मध्ये हे प्रकरण खोटे ठरविले. परंतु नारायणन यांची अटक अनावश्यक होती, असे सांगून ५० लाख रुपयांची भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश येण्यासाठी सप्टेंबर २०१८ उजाडले. कटाच्या आरोपाची सी.बी.आय. चौकशी न्यायालयाच्या आदेशाने २०२१ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. त्यात केरळ पोलिसांच्या माजी अधिकाऱ्यांबरोबर आय.बी.मध्ये काम केलेल्या अधिकाऱ्यांचाही समावेश आहे. म्हणजे घटनेनंतर तब्बल तीस वर्षांनी. एका कर्तबगार शास्त्रज्ञाची उमेद त्यात गेली, हे तर खरेच. पण तीस वर्षांपूर्वी चौकशीच्या खोलीत असलेल्या अधिकाऱ्यांनाही आता उतारवयात न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत आहेत. ते दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवील. तथापि, गुप्तचर अधिकाऱ्याने चौकशीत कोठपर्यंत जावे, याची रेषा कायद्याने तेव्हाच आखलेली असती, तर दोन्ही बाजूंचे बरेच काही वाचले असते.

राज्यांच्या पातळीवर तर परिस्थिती अधिकच बिकट आहे. तेलंगणात डिसेंबर २०२३ मध्ये सत्ताबदल होताच राज्याच्या विशेष गुप्तवार्ता विभागातील हार्ड डिस्क नष्ट केल्याचा आरोप झाला, मार्च २०२४ मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि पोलीस अधिकाऱ्यांना अटक झाली. महाराष्ट्रात २०२२ मध्ये राजकीय नेत्यांचे फोन बेकायदा टॅप केल्याच्या आरोपावरून पुणे व मुंबईत गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी राज्यात सत्तांतर झाले आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते गुन्हे रद्द केले. पाळतीचा प्रश्न सत्तेच्या पारड्याबरोबर असा वरखाली होत असेल, तर त्यात सत्याचा शोध मागे पडतो. सत्ताधाऱ्यांचे तोंडी आदेश पाळणारा अधिकारी पुढच्या सरकारच्या काळात आरोपी ठरतो आणि तोंडी आदेश नाकारणारा अधिकारी त्याच सरकारच्या काळात अडगळीत पडतो. ज्याने आदेश दिला, त्याचे नाव फाइलवर नसतेच. कायद्याचे कुंपण सर्वाधिक गरजेचे आहे ते या अधिकाऱ्यासाठी.

संसदेचे सोयीस्कर मौन

संसदेला याची जाणीव नव्हती, असे म्हणता येणार नाही. आणीबाणीतील गैरवापराची लक्तरे शाह आयोगापुढे निघाल्यावर जनता सरकारने माजी गृहसचिव एल. पी. सिंग यांची समिती आय.बी. व सी.बी.आय.च्या कार्यपद्धतीचा विचार करण्यासाठी नेमली. तिचा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. जानेवारी २०१० मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी 'रॉ'चे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव यांच्या स्मृतिव्याख्यानात, खुद्द गुप्तचर अधिकाऱ्यांसमोर, संसदीय देखरेखीचा पुरस्कार केला. २०११ मध्ये काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी आय.बी., 'रॉ' व एन.टी.आर.ओ. यांना कायदेशीर अधिष्ठान देणारे खासगी विधेयक मांडले. देखरेख समिती, न्यायाधिकरण आणि गुप्तवार्ता लोकपाल यांची तरतूद त्यात होती. पुढल्याच वर्षी तिवारी मंत्री झाले आणि विधेयक बारगळले. सत्तेबाहेर असताना जी सुधारणा तातडीची वाटते, ती सत्तेत गेल्यावर अडचणीची का वाटू लागते, याचे उत्तर सर्वच पक्षांना ठाऊक आहे. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालेले नाही, हे लक्षात घेता सरकारने मनावर घेतल्याखेरीज या विषयाला गती मिळणे नाही.

खात्यांशी निगडित स्थायी समित्यांची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली, तेव्हा लोकसभेचे अध्यक्षपद शिवराज पाटील यांच्याकडे होते. मंत्रालयांच्या मागण्यांची शांतपणे, पक्षीय अभिनिवेश बाजूला ठेवून छाननी व्हावी, हा त्यामागील हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला. आय.बी.चा खर्च गृहमंत्रालयाच्या अनुदानांत एका ओळीत दिसतो; अलीकडच्या वर्षांत तो तीन हजार कोटींच्या वर गेला आहे. 'रॉ'चा खर्च तर स्वतंत्र ओळीतही दिसत नाही. या खर्चातून काय साधले, हे विचारणारी संसदीय समिती नाही. जुलै २०२१ मध्ये पेगॅसस प्रकरणी माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने अधिकाऱ्यांना पाचारण केले, तेव्हा सत्ताधारी सदस्यांच्या पवित्र्यामुळे गणसंख्याच पूर्ण झाली नाही आणि अधिकारीही आले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेमलेल्या तांत्रिक समितीला २९ पैकी पाच फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले; ते पेगॅससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही आणि सरकारने सहकार्य केले नाही, असे न्यायालयानेच ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले.

न्यायालयाकडून या विषयात फार अपेक्षा ठेवण्यातही अर्थ नाही. गुप्तचर यंत्रणांवर संसदीय देखरेख आणि महालेखापालांची तपासणी असावी, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये फेटाळली. हे काम कायदेमंडळाचे आहे.

इतरांनी काय केले?

ब्रिटनने आपल्या अंतर्गत सुरक्षा यंत्रणेला १९८९ मध्ये आणि परदेशी गुप्तचर यंत्रणेला १९९४ मध्ये कायद्याच्या चौकटीत आणले. १९९४ च्याच कायद्याने खासदारांची गुप्तवार्ता व सुरक्षा समिती स्थापन झाली आणि २०१३ मध्ये तिला संसदेच्या समितीचा दर्जा मिळाला. पाळतीच्या वॉरंटवर मंत्र्याबरोबर न्यायिक आयुक्ताचीही मान्यता लागेल, अशी दुहेरी व्यवस्था २०१६ च्या कायद्याने आली. अमेरिकेत १९७५-७६ मधील चर्च समितीने गैरप्रकार चव्हाट्यावर आणल्यावर दोन्ही सभागृहांच्या स्थायी समित्या झाल्या. कॅनडाने १९८४ मध्ये कायदा केला.

या व्यवस्था निर्दोष आहेत, असा दावा कोणी करू नये. अमेरिकेत समित्या असतानाही नागरिकांच्या दूरध्वनी नोंदींचा सरसकट साठा होत होता, हे २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांच्यामुळे जगाला कळले. ब्रिटिश समितीचा रशियाविषयक अहवाल २०१९ मध्ये तयार असूनही तो प्रसिद्ध होण्यास जुलै २०२० उजाडले. फरक इतकाच की, तेथे चूक उघड झाल्यावर ती कोणत्या कलमाविरुद्ध आहे हे सांगता येते आणि मंत्र्यांना कोणापुढे तरी बसावे लागते. भारतात चूक झाली की आधी ती चूक म्हणायची कशाच्या आधारे, येथूनच सुरुवात होते.

आक्षेप आणि उपाय

संसदीय देखरेखीला होणारा पहिला आक्षेप गुप्ततेचा आहे. खासदारांना माहिती दिली की ती फुटेल, सूत्रांचे प्राण धोक्यात येतील, असे म्हटले जाते. सूत्रांचे रक्षण हा खरोखरच गंभीर विषय आहे. सीमेपलीकडे जिवावर उदार होऊन काम करणाऱ्याचे नाव कोणत्याही समितीला कळण्याचे कारण नाही. परंतु कालचा विरोधी खासदार आज शपथ घेऊन गृहमंत्री होतो, तेव्हा त्याच्यापुढे सर्व कागद ठेवले जातात. जी शपथ मंत्र्याला चालते, ती समितीच्या सदस्याला का चालू नये? शिवाय २००४ मध्ये 'रॉ'चा एक वरिष्ठ अधिकारीच देशाबाहेर पळून गेला. खासदारांना दूर ठेवल्याने गुप्तता अभेद्य राहते, हा समज त्या घटनेने खोटा ठरविला आहे.

दुसरा आक्षेप पक्षीय राजकारणाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. आजच्या कडवट वातावरणात समितीची प्रत्येक बैठक आखाडा होईल, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच समिती लहान, दोन्ही सभागृहांची संयुक्त आणि बंद दाराआड चालणारी असावी. तिने चालू मोहिमांत नाक खुपसू नये. धोरण, खर्च, मनुष्यबळ आणि पार पडलेल्या कामगिरीचा आढावा एवढेच तिचे क्षेत्र असावे. महालेखापालांची गोपनीय तपासणी थेट या समितीपुढे जावी आणि वर्षातून एकदा गाळणी लावून का होईना, अहवाल संसदेत यावा.

त्याआधी हवा तो मूळ कायदा. कोणत्या यंत्रणेचे कोणते काम, राजकीय पक्षांच्या हालचाली व निवडणुकांचे अंदाज हे तिचे काम नाही, प्रमुखांची निवड कशी व किती मुदतीसाठी, हे त्यात स्पष्ट असावे. सी.बी.आय. संचालकांच्या निवडीत पंतप्रधानांबरोबर विरोधी पक्षनेते व सरन्यायाधीश यांना स्थान देता येते, तर येथे निदान विरोधी पक्षनेत्याशी सल्लामसलत अशक्य नाही. टॅपिंगच्या आढावा समितीत निवृत्त न्यायमूर्तींचा समावेश करावा आणि आदेशांची एकूण संख्या दरवर्षी जाहीर व्हावी. शेवटी, बेकायदा आदेश मिळालेल्या अधिकाऱ्याला वृत्तपत्राकडे न जाता दाद मागता येईल, असा एक स्वतंत्र महानिरीक्षक असावा. आज अशा अधिकाऱ्यापुढे मौन किंवा शासकीय गुपिते कायद्याचा बडगा, हे दोनच पर्याय आहेत.

एवढे मात्र खरे की, कायदा झाला म्हणजे सर्व सुरळीत झाले, असे नाही. घाईत केलेला, पळवाटांनी भरलेला कायदा गैरप्रकारांनाच अधिकृत शिक्का देऊ शकतो. म्हणून विधेयक स्थायी समितीकडे जाणे, राज्यांचे म्हणणे ऐकणे आणि निवृत्त गुप्तचर अधिकाऱ्यांचे अनुभव विचारात घेणे हे टप्पे गाळता येणार नाहीत. त्यास दोन-तीन वर्षे लागली तरी चालतील. सुमारे एकशे चाळीस वर्षे कायद्यावाचून गेली आहेत.

सरकारच्या हेतूंची पारख मात्र त्याहून अगोदर करता येईल. एल. पी. सिंग समितीचा अहवाल आणि २००१ च्या मंत्रिगटाच्या अहवालातील गुप्तवार्तेचे प्रकरण आजही दप्तरात पडून आहे. पहिल्याला पन्नास वर्षे होत आली, दुसऱ्याला पाव शतक लोटले. त्यांतील सूत्रे, मोहिमा, माणसे यांपैकी कशालाही आता धोका पोहोचेल असा भाग राहिला असल्यास तो वगळावा आणि उरलेला मजकूर संसदेच्या पटलावर ठेवावा. त्यासाठी ना घटनादुरुस्ती लागते, ना दोनतृतीयांश बहुमत. गृहमंत्र्यांची एक सही पुरेशी आहे.